विचारलं तेवढंच

आर्डिस क्वामे हिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या सव्वीस वर्षांत ती एकदाही उशिरा आली नाही. व्हॅलबर्गमध्ये ही गोष्ट कुणी कौतुकाने सांगत नाही, कारण आमच्याकडे वेळेवर येणं ही कौतुकाची बाब धरतच नाहीत. पण नॉर्थ डकोटातला जानेवारी, उणे तीसची थंडी, पहाटे पावणेसहाला उठून बसचं इंजिन गरम करायचं आणि चाळीस मैलांच्या फेरीत एकोणीस पोरं गोळा करायची, हे ज्याने एकदा केलंय त्याला तिची किंमत कळेल. बाकीच्यांनी गप्प बसावं.

तिचा नवरा वेंडेल फवारणीचा वैमानिक होता. पिवळं विमान घेऊन गव्हावर, सूर्यफुलांवर इतकं खालून जायचा की कुंपणाच्या तारेवरची पाखरं उडायची. म्हणजे त्या घराची चूल दोन कागदांवर पेटत होती. एक वेंडेलचा विमान चालवायला तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरी दाखला, आणि दुसरा आर्डिसचा बस चालवायचा. दोन्ही दाखले ठरावीक मुदतीने नवे करायला लागायचे. त्यामुळे त्या घरात एक नियम होता, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे दाखल्यावर पोट असलेल्या प्रत्येक घरात तो आहे. डॉक्टर विचारेल तेवढंच सांगायचं. विचारलं नाही तर आपणहून तोंड उघडायचं नाही, आणि विचारलंच तर थोडं कमी करून सांगायचं.

वेंडेल दोन उन्हाळे छातीवर हात चोळत होता. जळजळ होते म्हणायचा आणि पित्ताच्या गोळ्या चघळायचा. डॉक्टरने त्याला विचारलं, "छातीत दुखतं का?" तो म्हणाला, "नाही." दाखला मिळाला. जुलैत, फवारणीच्या ऐन हंगामात, ब्रिटा त्याच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन गेली. ब्रिटा त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा सतरा वर्षांची. वेंडेलने "ठेव तिथे" म्हणून सँडविच हातात घेतलं, ती पाण्याची बाटली भरायला गेली, आणि परत आली तेव्हा तो विमानाच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर तसाच बसलेला होता. सँडविच अर्धं खाल्लेलं होतं. बावन्न वर्षांचा माणूस.

आर्डिसला त्याच्या गाडीच्या कप्प्यात पित्ताच्या गोळ्यांच्या सात रिकाम्या बाटल्या सापडल्या. तिने त्या मोजल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण झालं. हॅमचे सँडविच, कॉफी, सात प्रकारच्या गोड वड्या. आर्डिस उभी राहून सगळ्यांचे हात हातात घेत होती, "आलात, बरं झालं," म्हणत होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. बायका म्हणाल्या, काय धीराची बाई आहे. पुढचे पंधरा दिवस लोकांनी घरी जेवण पोचवलं आणि आर्डिसने ती भांडी घासून, तळाला चिकटवलेल्या पट्टीवरचं नाव वाचून, ज्याची त्याला नेऊन दिली. एकही भांडं चुकलं नाही.

ब्रिटाचं मात्र हे चाललं नाही. ती जेवताना रडायची, वर्गात रडायची, शेडच्या रस्त्याने जायला लागू नये म्हणून दोन मैलांचा वळसा घालायची. सप्टेंबरमध्ये आर्डिस तिला दवाखान्यात घेऊन गेली. त्यांनी मनातलं बोलायला एक समुपदेशक बाई दिली आणि रोज सकाळी घ्यायची निराशेवरची एक गोळी दिली. नऊ दिवसांनी ब्रिटाने बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिली.

"मी नाही घेणार आता ही," ती म्हणाली. "डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. बाबांचा चेहरा आठवतो, पण आत काही हलतच नाही. त्यापेक्षा रडलेलं परवडलं."

"डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?"

"त्या बोलायच्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्यावर आहे. मी तिच्याकडे जाईन, गोळी नको."

"बरं," आर्डिस म्हणाली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा गावात कुणालाच ठाऊक नव्हती. टोलेफसनांच्या शेताच्या कोपऱ्यावर बस वळली की समोर ती शेड दिसायची, आणि शेडसमोर पिवळं विमान अजून उभं होतं. त्या वळणावर आर्डिसचे हात थरथरायला लागायचे. एकदा तर इतके, की तिने बस रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागच्या पोरांना सांगितलं की आरसा नीट करायचाय. मागे एकोणीस पोरं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आणि ऑक्टोबरमध्ये तिचा दाखला नवा करायचा होता, त्या अर्जावर एक ओळ होती, कोणती औषधं घेता.

म्हणून तिने फळीवरची बाटली उघडली. कापूस, पोरगी म्हणाली होती. आर्डिसला कापूस चालणार होता.

तिसऱ्या आठवड्यात हात थांबले. टोलेफसनांचा कोपरा हा नुसता कोपरा झाला. दाखल्याच्या वेळी डॉक्टरने विचारलं, औषधं? ती म्हणाली, काही नाही. त्या सबंध भेटीत तिच्या कपाळावर एक आठी पडली नाही.

दर महिन्याला ती औषधांच्या दुकानात जायची. दुकानदारीण कोनी ही तिची शाळेपासूनची ओळखीची. पण औषध देताना नाव आणि जन्मतारीख विचारायची असा नियम, मग समोर सख्खी बहीण का उभी असेना.

"नाव?"

"ब्रिटा क्वामे."

"जन्मतारीख?"

"अकरा फेब्रुवारी."

"कशी आहे गं पोरगी?"

"बरी आहे."

हे खरंच होतं. पोरगी बरी होत होती. ती रडत होती, बोलत होती, त्या बाईकडे जात होती, आणि डिसेंबरपर्यंत शेडच्या रस्त्याने जायलाही लागली. इकडे आर्डिस थिजत चालली होती. नाताळला तिने लेफ्से, म्हणजे आमच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या, भाजल्या, घडी घालून ताटात ठेवल्या, आणि ब्रिटाने वेंडेलच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं तेव्हा आर्डिस म्हणाली, "लोणी दे इकडे." मुलीचा अठरावा वाढदिवस झाला. केक चांगला फुगला होता, एवढं तिला आठवतं.

मार्चमधल्या एका रविवारी, चर्चनंतर, डेल्मर ऑस्बी जेवायला आला. डेल्मर चौऱ्याहत्तर वर्षांचा, गावाच्या धावपट्टीवर त्याचं एक छोटं जुनं विमान आहे आणि या तालुक्यात ज्या कुणाला उडता येतं त्याला ते त्याने शिकवलेलं आहे. वेंडेललाही त्यानेच शिकवलं. त्याला जेवायला बोलवायचं कारण असं की ब्रिटाला वैमानिक व्हायचं होतं. फवारणीची नव्हे, मोठ्या प्रवासी विमानांची. राज्याच्या विद्यापीठाने तिला विमानशास्त्राच्या पदवीला प्रवेश दिला होता आणि एक मेपर्यंत अनामत भरायची होती.

"किती मागतायत?" हॉटडिश, म्हणजे ओव्हनमधला मांस-बटाट्याचा प्रकार, दुसऱ्यांदा वाढून घेत डेल्मरने विचारलं.

"चार वर्षांचं शिक्षण, राहणं, विमानाचे तास, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार," ब्रिटा म्हणाली.

"म्हणजे तुझ्या बापाचा अख्खा विमा. वर बुटांपुरते उरतील."

"पण त्या पदवीवर एअरलाइनवाले हजार तास उडलं की घेतात. बाहेर शिकलं तर पंधराशे लागतात."

"पाचशे तासांचं काय एवढं? माझ्याकडे शिक, मग माझ्याच पोरांना शिकव. वर्षा-दीड वर्षात होतात. वर त्याचे पैसे मिळतात."

"एक वर्ष उशीर म्हणजे जन्मभर एक वर्ष मागे, डेल्मर. तिथे सगळं, कोण आधी लागलं, त्या यादीतल्या नंबरावर चालतं. पगार, सुट्ट्या, कुठलं विमान, सगळं."

"आणि उद्या कान बिघडला, दाखला गेला, म्हणजे? विमानशास्त्राची पदवी घेऊन धान्याच्या गोदामावर उभी राहशील? एअरलाइनला पदवी लागली तर कुठलीही चालते. असं काहीतरी शीक, जे जमिनीवरही चालेल."

"तुम्ही काय शिकलात हो?"

"मी? मला शाळेने नववीत हाकललं. म्हणून तर एवढ्या अधिकाराने बोलतोय." तो आर्डिसकडे वळला. "अगं, तू बोल की काहीतरी. पैसे तुझे, पोरगी तुझी."

"तिला हवं ते करू दे," आर्डिस म्हणाली.

ब्रिटाने काटा खाली ठेवला. "आई, तुला खरंच काही वाटत नाही का? जाऊ की नको? बाबांचे पैसे आहेत. मी विमानात बसणार आहे. काहीच वाटत नाही तुला?"

"तू शहाणी आहेस. तुला हवं ते कर," आर्डिस म्हणाली आणि कॉफी आणायला उठली.

डेल्मरने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "एक ऐक माझं. कुठेही जा, पण एक डॉलर भरायच्या आधी मोठा दाखला काढ, एअरलाइनचा. आधी दाखला, मग पैसे. उलटं केलेली पोरं मी पाहिलीयत. त्यांची तोंडं बघवत नाहीत."

दाखल्याचा अर्ज घरी बसून भरायचा असतो. ब्रिटा जेवणाच्या टेबलापाशी संगणक घेऊन बसली, आर्डिस शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. अठराव्या प्रश्नापाशी ब्रिटा थांबली. कधी मनाचा काही आजार, निराशा, त्यावर उपचार?

"नाही लिही," आर्डिस म्हणाली.

"पण गेले होते ना मी."

"दोन महिने रडलीस, त्याला आजार म्हणतात होय? बाप गेला होता. नाही लिही आणि पुढे जा. ते विचारणार नाहीत."

"विचारतायत की. हा काय प्रश्न आहे समोर." ब्रिटाचा आवाज चढला. "बाबांनाही विचारलं होतं. बाबांनी नाही लिहिलं. मी गेले होते सँडविच घेऊन, तू नव्हती गेलीस."

आर्डिसने एक टॉवेल घडी घालून ठेवला. ब्रिटाने लिहिलं: वडील वारल्यावर दवाखान्यात गेले, गोळ्या दिल्या, नऊ दिवस घेतल्या आणि स्वतः बंद केल्या, सहा महिने एका बाईशी बोलायला जात होते, आता बरी आहे. सगळं खरं, अगदी तारखांसह. त्या घराण्यात डॉक्टरला इतकं खरं कुणी कधी सांगितलं नसेल.

आर्डिस शेजारी बसली होती. नऊ दिवस हा आकडा तिने वाचला. तेव्हा बोलायला हवं होतं, हे मी म्हणतोय. तिला तसं काही वाटलं नाही. तिने मोज्यांच्या जोड्या लावल्या.

विमानवाल्यांचे दाखले देणाऱ्या डॉक्टर हेले साठ मैलांवर बसतात. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ब्रिटाचे डोळे, कान, हृदय सगळं पाहिलं, खूश झाल्या. मग म्हणाल्या, "हे गोळ्यांचं तू लिहिलंस ते चांगलं केलंस. नऊच दिवस म्हणजे फारशी अडचण दिसत नाही. पण मला दवाखान्याचे आणि औषधांच्या दुकानाचे कागद मागवावे लागतील. ते आले की बोलू."

परतताना ब्रिटा गाडीत गात होती. आर्डिस गाडी चालवत होती. दुकानाचे कागद. तिला सगळं समोर दिसत होतं, एकापुढे एक, एखाद्या दुसऱ्याच्याच घरात घडणार असल्यासारखं. अकरा दिवस ती सकाळी उठून गोळी घेऊन बसवर गेली आणि काही बोलली नाही. उलट मधल्या एका मंगळवारी जाऊन आठवी बाटली घेऊन आली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. आईला घेऊन ये म्हणाल्या.

दोघी डॉक्टरबाईंसमोरच्या खुर्च्यांवर बसल्या. डॉक्टर हेलेंनी एक कागद टेबलावर सरकवला. "ब्रिटा, तू नऊ दिवस लिहिलंयस. या कागदाप्रमाणे तुझ्या नावावर आठ बाटल्या गेल्यात. शेवटची गेल्याच आठवड्यात."

"शक्यच नाही," ब्रिटा म्हणाली.

"गोळ्या घेतल्या म्हणून कुणी दाखला नाकारत नाही, वेळ लागतो इतकंच. पण अर्जावर एक आणि कागदावर एक, याला ओक्लाहोमातली वैमानिकांची वैद्यकीय कचेरी खोटी माहिती म्हणते. ते लागलं की गेलं. वैमानिकाची नोकरी विसर. म्हणून पाठवायच्या आधी तुला बोलावलं. घेत असशील तर आत्ता सांग."

"मी घेत नाहीये! आई, सांग ना. तू पाहिलंस ना मी फळीवर ठेवलेली?" ब्रिटाचा चेहरा लालबुंद झाला होता. "हे कोनीने काहीतरी घोटाळा केलाय. दुसऱ्या कुणाचं माझ्या नावावर घातलंय. तिला लावा फोन. तीस वर्षं दुकान चालवते आणि एवढं कळत नाही!"

"लावते," डॉक्टर म्हणाल्या आणि फोन उचलला.

"कोनीचं काही चुकलं नाही," आर्डिस म्हणाली. "मी आणल्या."

डॉक्टरबाईंनी फोन खाली ठेवला. "तुम्ही आणल्या. कुणी घेतल्या?"

"मी."

विचारलं तेवढ्याचं उत्तर झालं होतं. घरच्या नियमाने तिने इथे थांबायला हवं होतं, आणि ती थांबलीही. भिंतीवर कानाच्या आतलं चित्र होतं, ते तिने नीट पाहिलं. मग ती बोलायला लागली, बसमध्ये पोरांना सूचना देते त्याच आवाजात.

"टोलेफसनांच्या कोपऱ्यावर माझे हात थरथरायचे. मागे एकोणीस मुलं असतात. ही म्हणाली, कापूस भरल्यासारखं होतं, म्हणून घेतली. माझ्या नावावर घेतली असती तर बस गेली असती. रोज घेतली. दाखल्याच्या डॉक्टरला काही घेत नाही म्हणून सांगितलं. वेंडेल पित्ताच्या गोळ्या खायचा ते मला माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. सात बाटल्या निघाल्या, त्या मी फेकून दिल्या, हिला दाखवल्या नाहीत. मी त्याला डॉक्टरकडे जा म्हटलं नाही, हंगाम चालू होता. आता मला काही होत नाही. कशानेच काही होत नाही. ही अर्ज भरत होती तेव्हा मी शेजारी मोजे लावत होते."

डॉक्टर हेलेंनी तिला एक कोरा कागद आणि पेन दिलं. "हे सगळं लिहा. तारखांसकट. खाली सही करा. मी मुलीच्या फाइलला जोडते." आर्डिस लिहायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या नावाचं औषध घेणं गुन्हा आहे, तुम्हाला ठाऊक असेल. मी पोलीस नाही. पण शाळेला आजच सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर मला सांगावं लागेल. आणि गोळी एकदम बंद करू नका, दवाखान्यात जा." मग म्हणाल्या, "तुमच्या नावावर घेतल्या असत्यात, तर दवाखान्याचं एक पत्र लागलं असतं. बहुतेकांची बस जात नाही."

"एक पत्र?"

"एक पत्र."

आर्डिसने सही केली.

परतताना गाडी ब्रिटाने चालवली. शेतांत अजून बर्फाचं पाणी साचलेलं होतं. चाळीस मैल तसेच मागे गेले.

"मला वाटलं, तुला बाबांचं काही वाटतच नाही," शेवटी ब्रिटा म्हणाली. "आठ महिने मला हेच वाटत होतं. त्या बाईला जाऊन मी हेच सांगत होते. माझ्या आईला काही वाटत नाही म्हणून."

आर्डिस समोर बघत होती.

"मला सांगायचंस ना."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं होतं," ब्रिटा म्हणाली. "मार्चमध्ये. डेल्मरच्या समोर. हॉटडिश खाताना विचारलं होतं."

तिला तिथे रडू यायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. तिने ब्रिटाला शाळेपाशी थांबायला सांगितलं, आत जाऊन मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, आणि बसची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. सव्वीस वर्षांची किल्ली. ते काहीतरी चांगलं बोलायचा प्रयत्न करत होते, पण आर्डिस तोवर दारापर्यंत पोचली होती.

गावात बातमी त्याच दिवशी पोचली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. दोघातिघांनी मात्र हॉटडिश आणून दिली. पोरं नेणारी बाई औषध लपवून बस चालवत होती, हा राग खरा होता आणि ती भांडी घेऊन येणंही खरं होतं. आर्डिसने भांडी घासून परत केली. त्यातल्या एकीच्या मुलीला ती रोज शाळेत नेत असे, तिने भांडं घ्यायला दार अर्धंच उघडलं.

ब्रिटा तीन आठवडे आईशी कामापुरतं बोलली. फाइल ओक्लाहोमाला गेली. एक मे उजाडला, आणि दाखल्याचा पत्ता नव्हता. विद्यापीठाची अनामत तिने भरली नाही. आधी दाखला, मग पैसे, हे तिने म्हाताऱ्याचं ऐकलं. की त्या पैशांकडे तिला बघवेना, हे मला सांगता येणार नाही. ऑगस्टमध्ये तिने तीस मैलांवरच्या कॉलेजात परिचारिकेच्या पदवीला नाव घातलं.

"तू? रक्त बघून चक्कर येते तुला!" डेल्मर म्हणाला.

"सवय होईल. जमिनीवरही चालेल असं शीक म्हणालात ना? शिवाय आमच्या घरात डॉक्टरांच्या बाजूचं कुणीतरी असलेलं बरं."

हे ती आईसमोर बोलली. आर्डिसने ऐकून घेतलं.

उडायचं मात्र तिने सोडलं नाही. आठवड्यातून दोनदा डेल्मरच्या विमानात, तासाला विमानाचे पैसे मोजून. फक्त दाखल्याशिवाय एकटीने उडता येत नाही. दुसरी पोरं पंधरा-वीस तासांत एकटी जातात. ब्रिटाचे एकेचाळीस तास झाले, आणि प्रत्येक तासाला डेल्मर शेजारी बसून होता. शेवटी शेवटी तो डोळे मिटून बसायचा.

आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. दवाखान्याने तिला तीच गोळी दिली, मग अर्धी केली, आणि गुरुवारी बोलायला एक बाई दिली. तिच्यासमोर आर्डिस पहिले चार गुरुवार हवापाण्याविषयी बोलली. औषध आणायला ती कोनीकडेच गेली.

"नाव?" कोनी म्हणाली. मग दोघी जणी क्षणभर काउंटरकडे बघत राहिल्या.

"आर्डिस क्वामे. तीन मे."

"पाठ आहे मला," कोनी म्हणाली. "विचारावं लागतं." तिने पिशवीची घडी नेहमीपेक्षा जास्त वेळा घातली.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. ओक्लाहोमाने आर्डिसचा जबाब, दवाखान्याचे कागद, त्या बाईचं पत्र, सगळं पाहून दाखला दिला होता. ब्रिटाने तो टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आई, उद्या येशील धावपट्टीवर?" एप्रिलनंतर तिने आईला कशासाठी तरी ये म्हटलं, ते हे पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची होती आणि आकाश स्वच्छ. डेल्मर विमानातून खाली उतरला, दार लावलं, आणि दोन्ही हात खिशात घालून आर्डिसजवळ येऊन उभा राहिला. ब्रिटा आत एकटी होती. आमच्याकडे पहिल्यांदा एकट्याने उडून आलेल्याच्या सदऱ्याची पाठ कापतात, त्यावर तारीख घालतात आणि धावपट्टीवरच्या शेडच्या भिंतीला लावतात. वेंडेलचा तुकडा अजून तिथे आहे. डेल्मरने कात्री आणायला सांगितली होती, म्हणून आर्डिसने स्वयंपाकघरातली आणली होती.

तीन वेळा उडायचं आणि तीन वेळा उतरायचं. विमान धावलं, जमीन सोडली, आणि टोलेफसनांच्या बाजूला वळताना शेजारच्या रिकाम्या सीटमुळे एरवीपेक्षा भराभर वर चढलं.

आर्डिसच्या हातातली कात्री वाजायला लागली. पाती एकमेकांवर टकटक आपटत होती. डेल्मरने खाली पाहिलं.

"थंडी वाजतेय?"

"नाही," ती म्हणाली. ते पुरे होतं. पण ती पुढे बोलली. "भीती वाटतेय. डेल्मर, मला फार भीती वाटतेय. ती वर एकटी आहे. वेंडेल जायचा ना, रोज वाटायची. मी त्याला एकदाही सांगितलं नाही. बावीस वर्षं मी खिडकीतून..." तिचा आवाज फाटला, आणि दीड वर्षाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते थंडीने गालावर झोंबत होतं आणि ती पुसत नव्हती.

विमान उतरलं, चाकं एकदा उसळली, टेकली, आणि पुन्हा धावायला लागलं. डेल्मरने तिच्या हातातून कात्री काढून घेतली, मिटली आणि आपल्या खिशात ठेवली. त्याचे डोळे धावपट्टीवर होते.

"बोल," तो म्हणाला. "अजून दोन फेऱ्या आहेत."